दम थांबला, दमा थांबला नाही

पंप दोनदा ओढला, पाचेक मिनिटं गेली आणि छातीतली शिट्टी थांबली. दमा असलेल्या माणसाला यासारखं सुख नाही, हे मी वीस वर्षांच्या अनुभवाने सांगते. घोटाळाही इथेच होतो. इतक्या झटपट इतकं बरं वाटलं की वाटतं, औषधाने काम केलं, विषय संपला. काम केलेलं असतंच, पण अर्धं.

उरलेलं अर्धं समजण्यासाठी छातीच्या आत जरा डोकावू. घशातून खाली उतरणारी मुख्य श्वासनलिका पुढे झाडासारखी फांद्या फोडत जाते. या फांद्यांभोवती स्नायूंचे बारीक पट्टे गुंडाळलेले असतात. हात उचलावा तसे ते आपल्या मर्जीने हलत नाहीत, ते परस्पर आवळतात आणि परस्पर सैल होतात. दम्यात तीन गोष्टी एकदम बिघडतात. हे पट्टे आवळतात, नळीचं आतलं अस्तर सुजतं आणि त्या सुजलेल्या जागेत चिकट कफ साचतो. पंपातलं ब्रॉन्कोडायलेटर, म्हणजे श्वासनलिका रुंद करणारं औषध, यातल्या पहिल्या गोष्टीवर काम करतं. आवळलेले पट्टे सैल सोडतं, बस. सूज जिथल्या तिथे राहते.

मग फक्त पट्टे सुटल्यावर एवढा आराम कसा पडतो? याचं उत्तर नळीच्या गणितात आहे. नळीची रुंदी निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, जवळजवळ सोळापट होतो. हेच गणित उलटंही चालतं: नळी किंचित उघडली तरी श्वास भराभर हलका होतो. म्हणून आतली सूज तशीच असताना माणूस ‘ठणठणीत’ होऊन कामाला लागतो, आणि सहा तासांनी औषध उतरलं की पुन्हा खिसा चाचपतो.

कुठलं औषध कशासाठी

नावं डोकं फिरवणारी असली तरी घराणी तीनच आहेत.

पहिलं सॅल्ब्युटामॉलचं. काही देशांत यालाच अल्ब्युटेरॉल म्हणतात, आणि लेव्होसॅल्ब्युटामॉल हा त्याचाच भाऊ. पाच मिनिटांत गुण, चार ते सहा तास टिकणारा. हे अडीअडचणीचं औषध. याच घराण्यातली लांब पल्ल्याची दोन नेहमीची औषधं म्हणजे सॅल्मेटेरॉल आणि फॉर्मोटेरॉल. दोघांचा परिणाम बारा तास टिकतो. पण फॉर्मोटेरॉल दोन-तीन मिनिटांत सुरू होतं आणि सॅल्मेटेरॉल दहा-वीस मिनिटं घेतं. म्हणूनच ऐन दम लागलेला असताना सॅल्मेटेरॉल ओढून उपयोग नाही.

दुसरं घराणं इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियमचं. हे वेगळ्या वाटेने, म्हणजे पट्ट्यांना ‘आवळा’ असा हुकूम देणारी मज्जातंतूंची साखळी अडवून, काम करतं. टायोट्रोपियम दिवसातून एकदाच घ्यायचं असतं. धूम्रपानाने किंवा वर्षानुवर्षांच्या धुराने फुप्फुसं खराब झालेल्यांच्या, म्हणजे सीओपीडीच्या, उपचारात याला मोठा मान आहे.

तिसरं थिओफिलिन. १८८८ मध्ये चहाच्या पानांतून वेगळं काढलेलं, कॉफीतल्या कॅफिनचं नात्यातलं. जुनं औषध आहे, अजून दिलं जातं, पण जपून, कारण गुण देणारा डोस आणि त्रास देणारा डोस यांत अंतर फार थोडं. मळमळ, उलट्या, धडधड इथपासून फार वाढलं तर थेट फिट (आकडी) येण्यापर्यंत मजल जाते. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक सुरू झालं की रक्तातलं त्याचं प्रमाण चढतं. आणखी एक गंमत, म्हणजे गंमत कसली, धोकाच: सिगरेटचा धूर यकृताला थिओफिलिन लवकर संपवायला लावतो. त्यामुळे माणसाने सिगरेट सोडली, म्हणजे चांगलंच केलं, तरी तोच डोस त्याला जास्त होऊ शकतो. सिगरेट सोडताना डॉक्टरांना ‘मी थिओफिलिन घेतो’ हे सांगायचं बहुतेकांना सुचतच नाही.

इतिहासातल्या ठेचा

खिशात मावणारा पंप १९५६ मध्ये आला. त्याआधी काचेच्या नळीला लावलेला रबरी फुगा दाबून औषध ओढावं लागे. सोय झाली आणि सोयीबरोबर नवं संकट आलं. १९६० च्या दशकात आयसोप्रेनालिन नावाच्या औषधाचे जास्त तीव्रतेचे पंप काही देशांत विकले जात होते, आणि त्याच देशांत, विशेषतः इंग्लंड आणि वेल्समध्ये, दम्याने जाणाऱ्या तरुणांची संख्या एकाएकी वाढली. आयसोप्रेनालिन श्वासनलिका उघडायचं तसंच हृदयालाही पळवायचं. १९६९ मध्ये आलेलं सॅल्ब्युटामॉल त्या मानाने श्वासनलिकेपुरतं राहणारं म्हणून लोकप्रिय झालं. तरी १९७० च्या दशकाच्या शेवटी न्यूझीलंडमध्ये तीच कथा फेनोटेरॉल या औषधाच्या बाबतीत घडली. त्याच्यावर निर्बंध आले आणि मृत्यूंचा आकडा खाली आला.

हृदयावर पडलेला ताण हे एक कारण झालं. दुसरं मला जास्त अस्वस्थ करतं. पंपाने तात्पुरतं बरं वाटत राहिलं आणि माणसं घरीच थांबली, वेळ निघून गेली.

सॅल्मेटेरॉलची गोष्टही अशीच. अमेरिकेत सुमारे २६ हजार दमेकऱ्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचाराबरोबर सॅल्मेटेरॉल घेणाऱ्या निम्म्या लोकांत दम्याने १३ मृत्यू झाले, खोटं औषध घेणाऱ्या निम्म्यांत ३. आकडे लहान आहेत, पण धडा मोठा निघाला. दम्यात लांब पल्ल्याचं ब्रॉन्कोडायलेटर एकटं द्यायचं नाही, सूज उतरवणाऱ्या, श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडच्या जोडीनेच द्यायचं. आज दोन्ही औषधं एकाच पंपात मिळतात ती त्यामुळे. तुमच्या हातात फक्त सॅल्मेटेरॉल किंवा फक्त फॉर्मोटेरॉलचा पंप असेल आणि निदान दम्याचं असेल, तर डॉक्टरांना विचारायलाच हवं.

२०१९ मध्ये तर दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘जीना’ या संस्थेने पन्नास वर्षांची सवय मोडली. मोठ्या आणि किशोरवयीन रुग्णांचा दमा अगदी सौम्य असला तरी त्यांना नुसत्या सॅल्ब्युटामॉलवर ठेवू नका, असं तिने सांगितलं. त्याऐवजी गरज लागेल तेव्हा स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप घ्यावा, असा कल आता आहे. दम लागला की पट्टेही सुटतात आणि त्याच श्वासात सुजेवरही थोडं औषध पडतं. मला ही युक्ती फार आवडते, कारण ती माणसाच्या आळसाला गृहीत धरून काढलेली आहे. बरं वाटत असताना रोज सकाळी औषध घेणं कुणाला जमतं?

स्टेरॉइड म्हटलं की घरात चेहरे पडतात. या पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि बराचसा फुप्फुसातच काम करतो. घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे उठतात. या पंपाची खबरदारी बव्हंशी एवढीच.

‘पंपाची सवय लागते’

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. पंप ‘शेवटचा उपाय’, आणि गोळी किंवा पातळ औषध ‘साधं’, अशी समजूत. प्रत्यक्षात गणित उलटं आहे. सॅल्ब्युटामॉलच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाची २ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे २,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे वीस पफ एका घोटात. तेही पोटातून, रक्तातून, सगळ्या अंगभर फिरत मग छातीत पोचणार. हात थरथरणं, धडधड, झोप उडणं हे गोळीने जास्त होतं ते यामुळे. गुणही उशिरा येतो.

सवय म्हणाल तर व्यसनासारखी सवय लागत नाही. मात्र रोज, पुन्हा पुन्हा सॅल्ब्युटामॉल घेत राहिलं की शरीर त्याला पूर्वीइतकी दाद देत नाही, आणि आतली सूज वाढत गेल्याने पंप आणखी लागतो. लोक याला सवय म्हणतात. खरं नाव आहे, उपचार अपुरा पडणं.

ओढायचं कसं

पहिली पाच-सहा वर्षं मी पंप चुकीचा घेत होते. आधी दाबायचे, मग श्वास घ्यायचे. जिभेच्या मागे कडवट चव यायची आणि मला वाटायचं, औषध पोचलं. एका नर्सने मला आरशासमोर उभं केलं आणि म्हणाली, “घ्या बघू.” दाबल्याबरोबर ओठांच्या कोपऱ्यांतून पांढरा धूर बाहेर आला. “तो दिसतोय ना, तो तुमचा डोस,” ती म्हणाली. ज्या औषधाची चव लागत होती, ते तोंडातच राहिलं होतं.

नीट घेतलं तरी नुसत्या पंपातून साधारण १० ते २० टक्केच औषध फुप्फुसात जातं, मग चुकीचं घेतल्यावर काय उरत असेल! रीत अशी: टोपी काढा, आत काही अडकलंय का बघा (पर्समध्ये फिरणाऱ्या उघड्या पंपात नाणंसुद्धा सापडतं). चांगला हलवा. नवा किंवा बरेच दिवस न वापरलेला असेल तर आधी हवेत दोन-चार पफ सोडून द्या. सावकाश पूर्ण श्वास बाहेर सोडा. ओठ घट्ट मिटा, हळू श्वास घ्यायला सुरुवात करा आणि सुरुवात झाल्या झाल्या दाबा. घाई करू नका, चार-पाच सेकंद ओढत राहा. मग दहापर्यंत मोजत श्वास रोखा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून. दोन पफ एका दाबात घेतले तर ते दोन राहत नाहीत.

हात आणि श्वास यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर लावा. तो फक्त लहान मुलांसाठी असतो हा गैरसमज. फुग्यासारखं ते प्लास्टिकचं भांडं औषध क्षणभर धरून ठेवतं, मोठे थेंब भांड्यातच बसतात आणि बारीक थेंब शांतपणे छातीत जातात. महिन्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळत ठेवायचा, पुसायचा नाही. कापडाने घासलं की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

पावडरच्या पंपाचं सगळं उलट. तो आपल्या श्वासाच्या जोरावर चालतो, म्हणून जोरात आणि झटक्यात ओढायचं. त्यात फुंकायचं नाही, ओलाव्याने पावडरीचे गोळे होतात. कॅप्सूल घालून ओढायचं यंत्र असेल तर ती कॅप्सूल यंत्रातच फुटायची असते. ती गिळून वर पाणी पिणारी माणसं मी पाहिली आहेत, तेव्हा हसू नका, आणि घरातल्या वयस्कर मंडळींना एकदा तुमच्यासमोर घेऊन दाखवायला सांगा.

‘वाफ’ या शब्दानेही गोंधळ केलाय. गरम पाण्याची वाफ वेगळी आणि नेब्युलायझरची वेगळी. नेब्युलायझरमध्ये उष्णता नसतेच, औषधाच्या द्रावणाचं थंड धुकं होतं. गरम वाफेने श्वासनलिकेचे पट्टे सुटत नाहीत, दम्यात तिचा त्रासच व्हायचा, आणि भांडं लवंडून मुलं भाजतात ते वेगळं. नेब्युलायझर ‘जास्त पॉवरफुल’ असतं हेही खरं नाही. सौम्य आणि मध्यम दौऱ्यात स्पेसरमधून घेतलेला पंप तितकाच काम करतो. घरी मशीन आहे म्हणून रात्रभर वाफेवर वाफ देत सकाळची वाट पाहणं ही न्यूझीलंडचीच चूक, फक्त मशीन नवं.

त्रास कुठला चालेल, कुठला नाही

सॅल्ब्युटामॉलनंतर हात किंचित थरथरणं, थोडी धडधड, क्वचित पायात गोळे, हे होतं आणि थोड्या वेळात ओसरतं. जास्त डोसने रक्तातलं पोटॅशियम उतरू शकतं. लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या किंवा तोंडावाटे स्टेरॉइड चालू असेल तर हे विशेष लक्षात ठेवायचं. मधुमेहींची साखर थोडी चढू शकते. छातीत दुखलं, ठोके चुकत राहिले, किंवा पंप घेतल्याबरोबर दम उलट वाढला, तर तो पंप थांबवून लगेच वैद्यकीय मदत घ्यायची.

इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियमने तोंड कोरडं पडतं. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी तुंबू शकते. काचबिंदू असलेल्यांनी इप्राट्रोपियमची वाफ घेताना मास्क नाकावर नीट बसलाय ना हे पाहावं, धुकं डोळ्यात गेलं तर दाब अचानक वाढू शकतो.

आता डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते. काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉलचे थेंब डोळ्यातून रक्तात जातात आणि दमा असलेल्याच्या श्वासनलिका आवळू शकतात. एवढासा थेंब! रक्तदाब, धडधड किंवा अर्धशिशीसाठी दिलं जाणारं प्रोप्रानोलॉल त्याच जातीचं. शिवाय ते सॅल्ब्युटामॉलची वाटही अडवतं, म्हणजे दौरा यायचा आणि पंप लागू पडायचा नाही. ॲस्पिरिन आणि काही वेदनाशामक गोळ्याही काही दमेकऱ्यांना चालत नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलात तरी दमा आहे हे आपणहून सांगा.

गरोदरपणात पंप आपल्या मनाने बंद करू नये. आटोक्यात नसलेला दमा बाळाला या औषधांपेक्षा जास्त घातक असतो.

आणि प्रत्येक धाप दम्याची नसते. हृदय कमजोर झालं, रक्त कमी झालं, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली, मुलाने शेंगदाणा श्वासनलिकेत ओढला, यांतल्या कशावरही पट्टे सैल करून इलाज होत नाही. वर्षाच्या आतल्या बाळांना विषाणूने होणाऱ्या ब्रॉन्किओलायटिसमध्येही ही औषधं उपयोगी पडत नाहीत. म्हणून दुसऱ्याचा पंप ‘बघ तुला बरं वाटतं का’ म्हणून देऊ नये. एकदा फुंकर मारून फुप्फुसांची तपासणी करून घेतली की अंदाज संपतो.

रात्री दोन वाजता

दौरा आला तर ताठ बसवायचं, आडवं करायचं नाही. सॅल्ब्युटामॉल स्पेसरमधून एकेक करून चार पफ, प्रत्येक पफनंतर चार श्वास, मग चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार, आणि एव्हाना रुग्णवाहिकेला फोन गेलेला हवा. डॉक्टरांनी तुमच्यासाठी वेगळी योजना लिहून दिली असेल तर तीच पाळायची. फॉर्मोटेरॉलच्या जोडपंपाला दिवसाची कमाल मर्यादा असते, ती आधीच विचारून ठेवावी.

एका दमात वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर दिसतात, माणूस गुंगीत जातोय, बरगड्यांमधली जागा श्वासागणिक आत ओढली जातेय: यातलं एकही दिसलं तर चार मिनिटं मोजत बसायचं नाही, फोन आधी. सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे शांतता. मघापासून घरघरणारी छाती एकाएकी गप्प झाली आणि माणसाला आराम दिसत नाही, तर शिट्टी वाजण्याइतकी हवाही आत जात नाहीये असा त्याचा अर्थ. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ठीक दिसतोय म्हणून निर्धास्त राहू नका, दौऱ्याच्या सुरुवातीला तो ठीकच दिसतो.

दोनशेचा हिशेब

पंपाच्या डब्यात बहुधा २०० पफ असतात. दोनशे संपल्यावरही तो ‘फुस्स’ करत राहतो. तो नुसता वायू असतो, औषध नाही. डबा पाण्यात टाकून तरंगतो का पाहण्याची जुनी युक्ती आजच्या पंपांना लागू नाही. आकडा दाखवणारा काउंटर असेल तर उत्तम, नसेल तर मोजावं लागतं.

मोजण्याचा दुसराही उपयोग आहे. वर्षात सॅल्ब्युटामॉलचे तीन किंवा जास्त पंप लागणाऱ्यांना गंभीर दौऱ्याचा धोका वाढलेला आढळतो, आणि बारा किंवा जास्त लागणाऱ्यांत मृत्यूचा. तीन पंप म्हणजे ६०० पफ, म्हणजे दिवसाला दोनसुद्धा नाहीत. ‘मी तर कधीतरीच घेते’ म्हणणारी मी एका वर्षी सातवर होते, हे कपाटातले रिकामे डबे मोजल्यावर कळलं.

तेव्हापासून नवा पंप उघडला की पेनाने त्यावर तारीख लिहिते. पुढचा उघडताना आधीची तारीख वाचायची आणि मधले महिने मोजायचे. डॉक्टरांनी “कसं काय चाललंय?” विचारल्यावर “बरं आहे” म्हणण्याऐवजी जुना डबाच टेबलावर ठेवते.